पोरांना टर्फ नको, मैदान द्या



भीमजयंती होऊन आठवडा झाला असेल, भाच्याचा फोन आला. "आत्या, मागच्या अंगणात पोरांसाठी टर्फ टाकतोय. वीस बाय चाळीसची जागा आहे. क्रिकेट, बॅडमिंटन सगळं होईल. तू दवाखान्यातली माणूस, एकदा येऊन बघून जा."

भाचा शिक्षक आहे, सूनबाई बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी वस्तीतून निघून त्यांनी कन्नडच्या कडेला स्वतःचं घर बांधलं. त्याचा बाप, म्हणजे माझा भाऊ, आयुष्यभर बांधकामावर विटा वाहत होता. त्याच्या नातवंडांना मागचं अंगण आहे आणि त्या अंगणात काय करायचं हा प्रश्न त्यांना पडतो, याचा मला आनंदच आहे. आपल्या माणसांनी चांगलं राहावं, लेकरांवर खर्च करावा. म्हणून आधीच सांगते, हा लेख कुणाच्या सुखावर बोट ठेवायला लिहिलेला नाही. पण त्या अंगणात उभं राहून मला जे दिसलं आणि नंतर आपल्या वस्तीत येऊन जे दिसलं, ते आरोग्याच्या पानावर मांडणं मला गरजेचं वाटतं. हल्ली तालुक्याच्या गावातही तासाच्या भाड्याची टर्फ झाली आहेत, आणि ज्यांना परवडतं ते घरीच टाकून घेतात. उद्या आपल्यापैकी आणखी कुणी हाच विचार करील.

टर्फ म्हणजे काय, हे आधी साधेपणाने समजून घेऊ. तो प्लास्टिकच्या हिरव्या पात्यांचा गालिचा असतो. खाली खडी-मुरूम दाबून किंवा काँक्रीट टाकून पाया करतात. त्यावर गालिच्याच्या पट्ट्या अंथरून सांधे चिकटवतात. खेळाच्या उंच पात्यांच्या टर्फमध्ये पाती उभी राहावीत आणि पडल्यावर मार कमी लागावा म्हणून वाळू व रबराचे काळे दाणे पसरतात. हे दाणे बहुतेक वेळा जुन्या टायरांचा चुरा असतो.

याचा जन्म कसा झाला हे वाचून मला नवल वाटलं. अमेरिकेत १९५० च्या दशकात असं दिसून आलं, की शहरातली मुलं खेड्यातल्या मुलांपेक्षा अंगाने कमजोर राहतात, कारण त्यांना खेळायला जागा नाही. शहरातल्या मुलांना वर्षभर खेळता येईल असं काही करा, असा विचार फोर्ड फाउंडेशनच्या पुढाकाराने सुरू झाला. त्यातून १९६४ साली ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका शाळेत पहिलं मोठं कृत्रिम गवत अंथरलं गेलं. १९६६ साली ते ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये गेलं आणि जगभर पसरलं. ज्या मुलांना मैदान नाही त्यांच्यासाठी ही वस्तू निघाली होती. आज ती ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांच्या अंगणात जाते.

भाच्याकडे विक्रेत्याने फूटभर तुकडा नमुना म्हणून ठेवला होता. दुपारी एक वाजता मी तो तुकडा अंगणात ठेवला. शेजारी फरशीचा तुकडा, थोडी कोरडी माती आणि थोडी पाणी शिंपडलेली माती. अर्ध्या तासाने भाच्याला म्हटलं, "आता प्रत्येकावर हाताची मागची बाजू ठेव आणि सातपर्यंत मोज." ओल्या मातीवर त्याने आरामात मोजलं. कोरड्या मातीवर आणि फरशीवर तोंड वाकडं करून मोजलं. टर्फवर तीनला हात उचलला.

यात काही जादू नाही. झाडाझुडपातलं, गवतातलं पाणी उन्हात उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. प्लास्टिकमध्ये पाणीच नाही, म्हणून ते तापत जातं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली आपल्याच मैदानावर मोजणी केली. हवेचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असताना टर्फचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापलेला आढळला. पाणी मारलं की तो उतरे, पण वीस मिनिटांत पुन्हा सत्तरीच्या पुढे जाई. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात हवाच चाळिशी ओलांडते. आणि टर्फ थंड करायला दर वीस मिनिटांनी पाणी मारणं कन्नडमध्ये कुणाला परवडेल? प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघणारा आपला मराठवाडा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एका आईने दहा वर्षांचा मुलगा आणला होता. दोन्ही तळव्यांना फोड. भाड्याच्या टर्फवर दुपारी दर कमी असतो, म्हणून मित्रांनी वर्गणी काढून दुपारचा तास घेतला होता. बूट नव्हते, अनवाणी खेळला. गरिबाच्या लेकराच्या वाट्याला टर्फ आलं तेही दुपारचं.

तापलेल्या टर्फवर घसरून पडलं की कातडी सोलते आणि भाजतेही. असं सोललेलं कोपर, गुडघा साधा समजू नका. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघात २००३ साली टर्फवर सोललेल्या जागीच औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचे गळू झाले होते. त्या खेळाडूंकडे डॉक्टर होते. आपल्या पोराकडे हळद आणि मिसरी.

आता लोक मला विचारतात, "ताई, टर्फमुळे कॅन्सर होतो म्हणे?" तसं सिद्ध झालेलं नाही. घाबरवणं हे माझं काम नाही, जे माहीत आहे ते सांगणं आहे. टायरच्या चुऱ्यात घातक रसायनं असतात हे खरं. खेळताना ती अंगात फार थोडी जातात, असं आतापर्यंतच्या तपासण्या सांगतात. जुन्या नायलॉनच्या काही टर्फच्या रंगात २००८ साली अमेरिकेत शिसं सापडलं होतं. प्लास्टिकचे हे बारीक दाणे बुटांतून, पावसाच्या पाण्यातून नाल्यात, शेतात जातात. म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली नियम केला, की मैदानात पसरायचे असे दाणे ऑक्टोबर २०३१ पासून विकता येणार नाहीत. श्रीमंत देश जे हळूहळू बंद करत आहेत, ते आपण कर्ज काढून घरात आणावं का, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. रांगतं लेकरू घरात असेल तर जास्तच, कारण ते जे दिसेल ते तोंडात घालतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. कन्नड परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पातळ पाया करून टर्फ टाकलं तर दोन पावसाळ्यांत खड्डे पडतात, सांधे उकलतात, पाणी साचून वास येतो, डास होतात. काळी माती काढून मुरूम-खडीचा जाड थर दाबावा लागतो आणि पाण्याला वाट ठेवावी लागते. आपल्या तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत बघा. डोंगरातून झिरपणारं पाणी वाहून जावं म्हणून खडकात पन्हळी खोदल्या आहेत, नागाच्या फण्यांतून ते बाहेर पडावं अशी सोय केली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी पाण्याचा विचार आधी केला. भाच्याच्या दरपत्रकात मात्र पात्याची उंची, रंग, जाळी, दिवे सगळं होतं, पाणी कुठे जाणार याचा उल्लेख नव्हता. आणि एकूण आकडा अडीच लाखांच्या पुढे होता.

टर्फचे फायदे मी नाकारत नाही. चिखल होत नाही. धूळ कमी. पडल्यावर काँक्रीटपेक्षा मार कमी लागतो. हिरवळीसारखं रोज पाणी घालावं लागत नाही. शहरात जिथे पोरं रस्त्यावर खेळतात, तिथे शाळेने सावली करून, सगळ्यांना खुलं टर्फ केलं तर मी विरोध करणार नाही. पण आपल्या हवेत घरच्या उघड्या टर्फचा उपयोग किती तास? उन्हाळ्यात सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर. पोरं सकाळी शिकवणीला आणि दिवसभर शाळेत. राहिला संध्याकाळचा एखादा तास. आठ-दहा वर्षांत, आपल्या उन्हात त्याआधीही, तो गालिचा झिजणार. मग तो जाळता येत नाही, पुरता येत नाही, भंगारवाला घेत नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगत होते, तेव्हा त्याची आठवीतली मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, पण इथं माझ्यासोबत खेळणार कोण? वस्तीतल्या मैत्रिणींना पप्पा रोज आणायला जातील का?"

आम्ही दोघं मोठी माणसं टर्फच्या जाडीवर बोलत होतो. पोरीने खरी गोष्ट सांगितली.

आरोग्याच्या बाजूने बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलाने रोज किमान ६० मिनिटं घाम येईल, श्वास वाढेल असं हालायला हवं. मोठ्यांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संघटनेच्या अभ्यासानुसार भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं एवढंही हालत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. तुम्ही म्हणाल, आमच्या बायका दिवसभर राबतात. राबतातच. पण धुणं-भांडी, शेतातली वाकून केलेली कामं शरीर झिजवतात. मोकळं धावणं, हसत खेळणं, छाती भरून श्वास घेणं हे त्यांच्या वाट्याला शाळा सुटल्यापासून येत नाही. वस्तीत चाळिशीतल्या बायकांना साखर आणि बीपी मी रोज बघते. त्यांच्या पोरींमध्ये रक्त कमी. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं.

एकटं पोर भिंतीआड किती दिवस खेळेल? पंधरा दिवस. मग बॅट कोपऱ्यात आणि मोबाइल हातात. खेळ पोरांना पोरांमुळे लागतो. चार मित्र हाका मारत दारात आले की लेकरू जेवण टाकून पळतं.

आता आपल्या वस्तीकडे या. विहाराच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे बांधकामाचा राडारोडा पडलाय, दोन बंद गाड्या आहेत, कडेने वेडी बाभूळ. पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात आणि दर पाच मिनिटांनी मोटारसायकलला वाट देतात. पोरी ओट्यावर बसून बघतात. अशी जागा कन्नडमध्येच आहे असं नाही. तुमच्याही वस्तीत असेल. नाही तर होती, आणि हळूहळू कुणाचा गोठा, कुणाचं दुकान, कुणाचं पार्किंग होऊन संपली.

मैदान कुणाचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पालवणकर बाळू हे नाव तरुणांना माहीत असायला हवं. १८७६ साली चांभार कुटुंबात जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर मैदान राखायला होता. झाडायचं, रोलर ओढायचा, जाळीत साहेबांना चेंडू टाकायचा. तिथेच तो इतका मोठा गोलंदाज झाला, की सवर्णांच्या संघाला त्याला घ्यावं लागलं. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरी कर्णधारपद त्याला मिळालं नाही, ते पुढे १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. राजकारणात बाळू पुढे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, ते आपल्याला पटणारं नाही. पण मैदान आपण राखायचं आणि खेळायचं दुसऱ्यांनी, हा हिशेब त्यांनी मोडला हे विसरू नये.

आजही टर्फचा पाया खोदणारी, खडी पसरणारी, कोरडी वाळू ओतताना तिची धूळ नाकात घेणारी पोरं बहुतेक आपल्याच वस्त्यांतली असतात. त्यांना माझं सांगणं, तोंडाला चांगला मास्क बांधा, ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. आणि काम झालं की संध्याकाळी त्याच टर्फवर तासाचे पैसे मोजल्याशिवाय त्यांना पाय ठेवता येत नाही.

मग करायचं काय? उत्तर आपल्या धम्मातच आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. वैद्य जीवक वैशालीला आला. त्याने पाहिलं, की भिक्खूंना चांगलंचुंगलं खायला मिळतं आणि हालचाल नसल्याने ते आजारी पडतात. त्याने भगवंतांना विनंती केली, की भिक्खूंना चंक्रमणासाठी, म्हणजे येरझारा घालण्यासाठी, जागा करून घेऊ द्या. भगवंतांनी परवानगी दिली. भिक्खू खडबडीत जागेवर चालू लागले, पाय दुखू लागले. तेव्हा भगवंत म्हणाले, जागा सपाट करा. मग सखल जागेत पाणी साचलं, तेव्हा म्हणाले, उंच करा. इतक्या बारीक गोष्टीत बुद्धांनी लक्ष घातलं. एका वैद्याने मागितलेली, सपाट केलेली, पाणी न साचणारी, संघाच्या सगळ्यांची जागा. आपल्याला नेमकी हीच हवी आहे.

मुरमाचं साधं मैदान करायला काय लागतं, ते सांगते. पंधरा बाय दहा मीटरची जागा असली तरी पुरे. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटरचं असतं, बॅडमिंटनचं सुमारे साडेतेरा बाय सहा मीटरचं. खो-खोला मात्र २७ बाय १६ मीटर लागतात, तेवढी जागा असेल तर भाग्य समजा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोन्ही जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे होते. तो सामना मॅटवर झाला, पण हा खेळ वाढला तो आपल्या मातीत.

आधी राडारोडा, काच, खिळे, बाभूळ काढा. काळ्या मातीचा वरचा थर काढून टाका. चार इंच मुरूम टाका. एवढ्या जागेला दबून सुमारे सात ब्रास लागेल. मुरूम पावतीचाच घ्या, नाहीतर गौण खनिजाच्या दंडात वस्ती अडकेल. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा पाच सेंटिमीटर उंच ठेवा आणि कडेने चारी काढा, म्हणजे पाणी थांबणार नाही. पाणी मारून रोलर फिरवा. कबड्डी खेळायची असेल तर वर दोन इंच चाळलेली माती टाका. आखणी चुन्याच्या फक्कीने करू नका, डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते. रांगोळी किंवा खडूची भुकटी वापरा. पश्चिमेच्या बाजूला कडुनिंब लावा, दहा वर्षांनी संध्याकाळी पाच वाजता सावली मिळेल. आणि चारही बाजूंनी चालायची वाट ठेवा. तोच आपल्या आया-बहिणींचा चंक्रम. चालण्याने प्रवास सोसतो, मेहनत सोसते, आजार कमी होतात, अन्न पचतं आणि मन जास्त वेळ एकाग्र राहतं, असे चंक्रमणाचे पाच लाभ भगवंतांनी सांगितले आहेत. आजचे डॉक्टर याहून वेगळं काय सांगतात?

पैसा कुठून आणायचा? भाच्याच्या एका अंगणाच्या पैशात असं मैदान होऊन वर नेट, चेंडू आणि सोलरचे दोन दिवे येतील. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या असं सांगितलं होतं. जे वस्तीतून बाहेर पडले, नोकरीला लागले, त्यांनी तो विसावा हिस्सा या मैदानात टाकावा. मूर्ती, कमान, मोठा डीजे यांना वर्गणी मिळते. मैदानाला का मिळू नये?

पण सगळा भार आपल्याच खिशावर घेऊ नका. मैदान हा हक्कही आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा ले-आउट मंजूर करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेला मैदान लिहिलेलं आहे. नगरपरिषदेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. विचारा, की आमच्या वस्तीच्या भागात मोकळ्या ठेवलेल्या जागा कोणत्या, आज त्यांवर काय आहे आणि दलित वस्ती सुधार योजना म्हणून आपण जी ओळखतो तिचा निधी कशावर खर्च झाला. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. जिल्हा क्रीडा कार्यालयात क्रीडांगण विकासाच्या अनुदानाची चौकशी करा. गटार आणि सिमेंट रस्त्याची मागणी आपण करतो, तशीच मैदानाची करा.

काही जण म्हणतील, मोकळी जागा नीट केली की टारगट पोरं दारू प्यायला बसतील. जागा अंधारी आणि ओसाड असते म्हणून बसतात. जिथे संध्याकाळी पन्नास लेकरं आणि वीस बाया असतात तिथे बाटली उघडायची हिंमत होत नाही. आणि एक नियम पहिल्याच दिवशी ठरवा. रोज पाच ते सहा मैदान मुलींचं आणि बायकांचं. हा नियम नसेल तर मैदान मुलांचंच होणार, आणि पोरी ओट्यावरच राहणार. पाळीच्या दिवसांतही खेळता येतं. अंगात बळ असेल, मन असेल, तर खेळावं. तो विटाळ आपण १९५६ सालीच सोडलाय.

मातीही अगदी निर्दोष नाही, हे नर्स म्हणून सांगायलाच हवं. म्हणून काही गोष्टी पाळा. मैदानात लघवी-शौच होऊ देऊ नका, अनवाणी पायांतून जंत शिरतात. शाळेत मिळणारी जंताची गोळी आणि आठवड्याची निळी लोहाची गोळी मुलांना खाऊ द्या, फेकू देऊ नका. धनुर्वाताची लस १० व्या आणि १६ व्या वर्षी सरकारी दवाखान्यात मोफत असते, ती चुकवू नका. खरचटलं तर स्वच्छ पाणी आणि साबणाने धुवा. हळद, मिसरी, टूथपेस्ट, माती काही लावू नका. भाजलं तर वीस मिनिटं साधं थंड पाणी, बर्फ नाही. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, पाणी सोडत राहा आणि दवाखाना गाठा. उन्हात खेळताना पोर चक्कर येऊन पडलं, बरळू लागलं, अंग तापलं, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका.

ज्यांचं टर्फ आधीच टाकून झालंय, त्यांनी दुपारी पोरांना त्यावर सोडू नये, पायात बूट असावेत, खेळून आल्यावर हातपाय धुवावेत, वर हिरवी नेट किंवा झाडाची सावली करावी. आणि फाटक उघडं ठेवावं. संध्याकाळी एक तास वस्तीतल्या पाच पोरांना बोलावलं, तरी तुमच्या पैशाचं सोनं होईल.

भाच्याने टर्फचा विचार सोडला. अंगणात अर्ध्या भागात मुरूम टाकून बॅडमिंटनचं नेट लावलंय, बाकीच्या जागेत शेवगा आणि पपई. विहारामागच्या मैदानासाठी त्याने पहिले दोन ब्रास मुरूम लिहून दिलेत. नगरपरिषदेत आमचा अर्ज पडून आहे, अजून उत्तर नाही. तोवर दर रविवारी वंदनेनंतर आम्ही सगळे मिळून तासभर राडारोडा उचलतो. मागच्या रविवारी भाच्याची ती आठवीतली मुलगी रॅकेट घेऊन आली होती. दगड बाजूला सारून आठ पोरी खेळत होत्या. एकीचं कोपर खरचटलं. साबणाने धुतलं, ती पुन्हा खेळायला गेली.

तुमच्या वस्तीतली मोकळी जागा कुठे आहे, ते या रविवारी बघून या.

जय भीम. नमो बुद्धाय.